माथेरान की पाचगणी? दोन्हीकडे राहून आलोय, आता सांगते

ऑफिसच्या डब्याच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, माथेरानला जाऊ की पाचगणीला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही मुलुंडचे, चार माणसं, मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात हे आधीच लक्षात ठेवा कारण पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे. नोव्हेंबरात माथेरानला दोन रात्री, जानेवारीत पाचगणीला तीन.

माथेरानला जायला गाडी लागतच नाही, हेच मला सगळ्यात आवडतं. ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, बाहेर शेअर टॅक्सीवाले उभेच असतात, घाट चढून दस्तुरी नाका. मुलाला खालूनच टॉय ट्रेन हवी होती, १९०७ सालची गाडी, २१ किलोमीटर, वळणं घेत दोन-अडीच तास चालते, पण फेऱ्या मोजक्या आणि आम्ही पोचेस्तोवर तिकिटं संपलेली, त्यामुळे दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून जी शटल सुटते तिच्यावर भागवलं. पावसाळ्यात नेरळवरून येणारी गाडी बंदच असते, तेव्हा शटलचाच आधार.

दस्तुरीच्या पुढे गाड्यांना बंदी. प्रवेश कर भरायचा आणि मग पाय, घोडा नाहीतर रिक्षा. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय, आणि खरं सांगू का, सासूबाईंनी त्यात बसायला साफ नकार दिला होता, म्हणाल्या माणसाला ओढायला लावून मी काय हवा खाऊ. ई-रिक्षाला ही मोठी रांग. शेवटी शटलनेच गेल्या, पण स्टेशनपासून हॉटेल आणि हॉटेलपासून पॉइंट हे चालणं कुठे चुकतंय? त्या दोन दिवसांत त्यांनी शार्लोट लेक पाहिला आणि बाकी वेळ व्हरांड्यात बसून काढला. मात्र तक्रार एक नाही केली, उलट म्हणाल्या इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती, हॉर्न नाही ना कुठे.

आम्ही तिघं लुईसा पॉइंट, इको पॉइंट, पहाटे पॅनोरमा पॉइंट असं भरपूर हिंडलो. लाल माती मात्र सगळीकडे जाते, मुलाचे पांढरे मोजे गेले ते गेलेच, तीनदा धुतले तरी विटकरीच. आणि माकडं! एकाने माझ्या पर्सची चेन उघडली, ओढली नाही हं, नीट उघडली, चिवड्याचं पाकीट काढलं आणि कौलावर बसून पहिले शेंगदाणे खाल्ले. पोहे खाली टाकून दिले मेल्याने.

आता पाचगणी. उंची जवळपास १३०० मीटर, माथेरान ८०० च्या आसपास, त्यामुळे जानेवारीत रात्री जी थंडी वाजते ती माथेरानला नाही. पण रस्ता! पहाटे साडेपाचला निघालो, एक्सप्रेसवे, पुण्याचा बायपास, खंबाटकी, सुरूर फाट्याला वळलो, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, पसरणी घाटात मुलगा ओकला, पोचायला दीड वाजला. हॉटेलवाल्याने 'व्हॅली व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे घेतले आणि खिडकी उघडली तर समोर शेजारच्या बंगल्याची काळी पाण्याची टाकी, दरी बघायची तर बाथरूमच्या खिडकीतून मान तिरकी करून. बुकिंग करताना खोलीच्या आतून काढलेला फोटो मागवा, बाहेरचा नको.

पण टेबललँडवर सासूबाई चालल्या. गाडी वर पार्किंगपर्यंत जाते आणि पुढे जांभा दगडाचं सपाट पठार, चढ नाही, पायरी नाही, नातवाचा हात धरून पार कडेपर्यंत गेल्या आणि खाली कृष्णेचं खोरं बघत उभ्या राहिल्या, मला घरून निघाल्यापासूनचे सगळे आठ तास तिथे वसूल झाल्यासारखे वाटले. सिडनी पॉइंटवरून धोम धरणाचं पाणी दिसतं तेही छान. भिलार जवळच आहे, पुस्तकांचं गाव, घराघरांत कपाटं लावलीयत, वाटेल ते काढून वाचत बसा. नवऱ्याला तिथून उठवावं लागलं. स्ट्रॉबेरी अर्थातच, मोसमात शेतावरूनच घ्या, रस्त्यावरच्या बॉक्समध्ये वरचा थर लाल आणि खालचा पांढरट निघाला आमचा.

वैताग एकच, शनिवारी दुपारी महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो आणि अडकलो. माथेरानला गाडी सोडावी लागते आणि पाचगणीला गाडीतून खाली उतरायला मिळत नाही, असं झालं अगदी. पाचगणीला जायचं तर मधल्या वारी जा नाहीतर जाऊच नका.

तर शनिवार-रविवार एवढाच वेळ असेल आणि सगळ्यांचे पाय धड असतील तर डोळे मिटून माथेरान, माझ्याकडून चार स्टार. घरात म्हातारं माणूस असेल, गाडी असेल आणि किमान तीन रात्री असतील तर पाचगणी, साडेतीन, अर्धा त्या टाकीचा कापला. एका रात्रीसाठी पाचगणी करणाऱ्यांना माझा साष्टांग.

परवा सासूबाईंना विचारलं, परत कुठे जायचं? म्हणाल्या, तुम्ही टेबललँडला जा, मला त्या माथेरानच्या व्हरांड्यात सोडा.