क्लिअरन्सच्या तोंडावर क्रेडिट काउन्सेलिंग: माझा अनुभव

कर्ज फेडायचा मार्ग आखून देणाऱ्या या क्रेडिट काउन्सेलिंग संस्थेला पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण फोनवर फार ताटकळत ठेवतात. संस्थेचं नाव लिहीत नाही. ऑफिसात कुणी ओळखायला नको.

मी अमेरिकेत एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडे काम करते. नवऱ्याची नोकरी गेली, त्यातच त्याचं ऑपरेशन. इन्शुरन्सनं न भरलेली बिलं कार्डांवर चढत गेली आणि दोन खाती कलेक्शनला, म्हणजे वसुली कंपन्यांकडे गेली. नेमकी तेव्हाच सिक्रेट क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीचा, एसएफ-८६ फॉर्म भरायची वेळ आली. त्यातला २६वा विभाग सगळा पैशांचा: गेल्या ७ वर्षांत कुठलं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का, दिवाळखोरी, कर, जुगार. 'आता क्लिअरन्स विसर,' असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण क्लिअरन्सच्या २०१७पासून लागू असलेल्या नियमांतली गाइडलाइन एफ, म्हणजे पैशांबद्दलचा भाग, वाचा. अमुक डॉलर कर्ज म्हणजे नकार, असा आकडाच त्यात नाही. कर्ज कशानं झालं आणि पुढे तुम्ही काय केलंत, ते बघतात. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही कारणं धरतात, पण त्या काळात तुम्ही जबाबदारीनं वागला असाल तरच.

त्याच नियमांत ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंगचा चक्क उल्लेख आहे, म्हणून मी या संस्थेकडे गेले. काउन्सेलर बाईंनी कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट मागवायला लावले, घरखर्च ओळीओळीनं तपासला (मुलांच्या क्लासची फी बघून भुवया उंचावल्या, पण बोलल्या काही नाहीत) आणि डेट मॅनेजमेंट प्लॅन आखला. दरमहा एकच रक्कम त्यांना द्यायची, ते ती ज्यांचं देणं आहे त्यांना वाटतात. व्याज बरंच उतरलं. कार्डं मात्र बंद करावी लागली, त्याची तयारी ठेवा.

माझ्या दृष्टीनं खरी किंमत कागदांची. प्लॅनचा करार, दर महिन्याचा हिशेब, कोणाला किती गेले. क्लिअरन्ससाठी चौकशी करणारा इन्व्हेस्टिगेटर आला तेव्हा मी फाइल पुढे केली, त्यामुळे बोलणं थोडक्यात आटोपलं. नुसतं काउन्सेलिंग घेतलं म्हणून भागत नाही, प्रश्न आटोक्यात येतोय हे दिसावं लागतं, आणि हप्त्यांची नोंद ते दाखवते.

क्लिअरन्सबद्दल या बाईंना काडीचंही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते सरळ सांगितलं, हे मला आवडलं. 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', म्हणजे क्लिअरन्स का नाकारू पाहतात त्याच्या कारणांचं पत्र, हातात पडलं असेल तर तो वकिलाचा विषय.

आणि 'कर्ज निम्म्यावर आणतो' म्हणणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच जणी आधी हप्ते थांबवायला सांगतात, म्हणजे खातं आणखी थकतं आणि २६व्या विभागात आणखी एक नोंद वाढते. कर थकला असेल तर मात्र ही संस्थाही फारशी उपयोगाची नाही. थेट आयआरएसशी, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याशी, हप्ते बांधून घ्या.