माचा संच, नऊ महिन्यांनी: वाटी छान, रवीने रडवलं

संच डिसेंबरात ऑनलाइन मागवला, २,८५० रुपयांना. चावान (वाटी), चाशाकु (बांबूचा वाकडा चमचा), चासेन (बांबूची रवी) आणि ३० ग्रॅम माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पावडर. वाटीच्या रंगावर शब्द घालवत नाही. मुलगी जपानीच्या क्लासला जाते. चौघांनी क्योतोला जायचं तर खर्च लाखांत, म्हणून म्हटलं क्योतोच घरी येऊ दे.

मार्चमधल्या एका सकाळी घोट घेताना टाळ्याला काहीतरी टोचलं. बाहेर काढून पाहिलं तर रवीची काडी. भिंग घेऊन रवी तपासली. अकरा काड्या गायब होत्या, म्हणजे उरलेल्या दहा मी आधीच प्यायलो होतो. सुटी रवी हाच विक्रेता ९५० ला विकतो. शंभर काड्यांची आहे असं खोक्यावर लिहिलंय, म्हणजे काडी साडेनऊ रुपयांना पडली.

तक्रार केली. उत्तर आलं, ‘नैसर्गिक वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही.’ मग खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तीन महिन्यांपूर्वीचा! चौदा मेल झाल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. त्यातच मुलीने खोक्याखालची बारीक अक्षरं वाचली. “बाबा, इथे ‘चूगोकु-सेइ’ लिहिलंय. चीनमध्ये बनवलेलं.” वर मात्र फुजी पर्वताचं चित्र. इथवर मी एकच तारा द्यायचा ठरवलं होतं.

पण तक्रारीला धार यावी म्हणून चासेन कशी बनते याचे व्हिडिओ पाहायला बसलो आणि अडचणीत आलो. जपानच्या नारा प्रांतात इकोमा शहरात ताकायामा म्हणून भाग आहे, तिथे हे काम सुमारे पाचशे वर्षं चाललंय. बांबू हिवाळ्यात उघड्यावर वाळवतात. एकाच तुकड्याचं टोक आधी सोळा भागांत चिरतात, मग प्रत्येक भाग आणखी बारीक. शेवटी काड्या गरम पाण्यात मऊ करून टोकाकडे तासत नेतात. या पायरीचं नाव ‘आजि-केझुरी’, म्हणजे चवीसाठी तासणं, कारण तासणी बदलली की चहाची चवही बदलते म्हणे. हे सगळं हातांनी. आणि मी काय करत होतो? कोरडी रवी वाटीत घालून तळाशी दाबत, वरण घोटावं तसं घोटत होतो.

रवी आधी कोमट पाण्यात भिजवायची असते. तेच पाणी वाटीत असतं, त्यामुळे वाटीही गरम होते. एका पाण्यात दोन कामं, हे मला मनापासून पटलं. ताकाची रवी गोल फिरते, ही मात्र मनगटातून पुढेमागे चालवायची, तळाला न टेकवता. साबण लावायचा नाही. माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे विक्रेत्याचा निम्मा दोष मी अजूनही सोडलेला नाही.

एप्रिलमध्ये ताकायामाचीच रवी मागवली, ३,१०० रुपयांना, अख्ख्या संचाहून महाग. बायकोला किंमत सांगितलेली नाही. (मुलीला माहीत आहे. तिने त्या बदल्यात इअरफोन घेतले.) फरक खरंच आहे. पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो. जपानी चहासमारंभाच्या उरासेन्के घराण्यात भरपूर फेस काढतात, ओमोतेसेन्केवाले कमी. ज्या दिवशी फेस जमत नाही त्या दिवशी मी ओमोतेसेन्केचा.

आता पावडर. दोन ग्रॅमची एक वाटी धरली तर डब्यात पंधरा वाट्या. दुसरा डबा सोळाशेला पडला, म्हणजे वाटी शंभराच्या वर. मागणी इतकी वाढली की २०२४ मध्ये क्योतोतल्या जुन्या दुकानांनीच खरेदीवर मर्यादा घातली होती, तेव्हा भाव उतरायची वाट पाहू नका. मी दीड ग्रॅमवर भागवतो. सुरुवातीला हिने “अहो, पालकाच्या पाण्याला एवढे पैसे?” असं विचारलं होतं. तिकडे गोड पदार्थ चहाच्या आधी खातात. आम्ही नारळाची वडी ठेवली आणि मग तिलाही वाटी लागायला लागली. आता खर्च दुप्पट.

पावसाळ्याचं मात्र कुणी सांगत नाही. जुनी तुटकी रवी टाकवेना, म्हणून तिच्याच प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवली होती. जुलैत उघडली तर करडी बुरशी. ती डबी फक्त वाहतुकीपुरती असते, हे नंतर कळलं. रवीसाठी चिनीमातीचा स्टँड मिळतो. मी लिंबू पिळायच्या काचेच्या भांड्याच्या उंचवट्यावर नवी रवी उपडी घालून वाळवतो, आकार बरोबर बसतो. लिंबाचं भांडं आता मिळत नाही, ही घरातली चालू तक्रार आहे.

बुरशीची रवी हिने ओल्या कचऱ्यात टाकली. त्याच संध्याकाळी मुलीने सांगितलं की जपानात जुन्या रव्यांसाठी ‘चासेन कुयो’ असतं, देवळात आभार मानून त्या जाळतात. तोवर घंटागाडी गेली होती.

नव्या रवीच्या पाच महिन्यांत दोन काड्या तुटल्यात, वहीत तारखेसह नोंद आहे. काल विक्रेत्याचा मेल आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया तारे द्या.’ दोन दिले. एक वाटीसाठी, एक चमच्यासाठी.