१५० मायक्रॉन कोरलं होतं, निघाले २३०

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा प्रायमर आणि इनॅमल बनवायचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. विक्री दीर बघतात, लॅब माझ्याकडे. बहुतेक माल फाउंड्रीवाल्यांना आणि मशीन शॉपना जातो. कास्टिंगवर मारायचा रेड ऑक्साइड आणि ग्रे प्रायमर. जूनमध्ये मी लॅबसाठी एक फिल्म ॲप्लिकेटर घेतला आणि त्यात आमची पद्धतशीर फसवणूक झाली. आमच्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला हाच माणूस किंवा याच्यासारखा दुसरा भेटू नये, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

ज्यांचा रंगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. फिल्म ॲप्लिकेटर म्हणजे तळहातावर मावेल असा स्टीलचा ठोकळा. त्याच्या प्रत्येक बाजूला कडेच्या दोन पायांमध्ये ठरावीक मापाची फट ठेवलेली असते. आमचा चार बाजूंचा, ५०, १००, १५० आणि २०० मायक्रॉनचा. काळं-पांढरं कार्ड काचेवर ठेवायचं, वरच्या टोकाला रंग ओतायचा आणि ठोकळा एका संथ वेगाने आपल्याकडे ओढायचा. मागे एकसारखा पट्टा पडतो. हातात ब्रश दिला तर दोन माणसं दोन जाडीचे थर देतील. ॲप्लिकेटरने ओढलेली फिल्म मात्र आजची आणि सहा महिन्यांपूर्वीची शेजारी ठेवून ताडता येते. काळ्या भागावर रंग किती झाकतो, शेड बरोबर आली का, चमक किती, हे सगळं त्या पट्ट्यावर ठरतं. फट चुकीची असेल तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो, आणि चुकतोय हे कळतही नाही.

आमचा जुना ॲप्लिकेटर बारा वर्षं वापरलेला. एका मोठ्या ग्राहकाचा माणूस ऑडिटला आला आणि त्याने कॅलिब्रेशनचं, म्हणजे उपकरणाचं माप तपासून घेतल्याचं, प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे नव्हतं. जुन्याचंच कॅलिब्रेशन करून आणायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, पीस जुना झालाय, नवाच घेऊ, प्रमाणपत्रासकट येईल.

नेहमीच्या विक्रेत्याने २४ हजार सांगितले आणि महिनाभराची मुदत. ऑनलाइन शोधताना एका ठिकाणी चौकशी टाकली, तर दहा मिनिटांत फोन. मराठीत बोलणारा, नम्र माणूस. "ताई, आमचं मूळ गाव सांगलीकडचंच," असं म्हणाला. परदेशी कंपनीचा पीस आहे, प्रदर्शनात एकदाच दाखवलेला, म्हणून १६,८०० मध्ये देतो, सोबत मान्यताप्राप्त लॅबचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र. लाकडी पेटीत ठेवलेल्या ॲप्लिकेटरचे फोटो पाठवले, जीएसटी नंबर असलेलं कोटेशन पाठवलं. पैसे मात्र आगाऊ आणि एका व्यक्तीच्या नावावर यूपीआयने. कंपनीच्या खात्याचं केवायसी चालू आहे, दोन दिवस बंद आहे, असं कारण दिलं. दीर म्हणाले, "वहिनी, जरा थांबूया, खातं सुरू झालं की भरू." फेरऑडिटची तारीख आठ दिवसांवर होती. मी त्यांचं ऐकलं नाही आणि पैसे भरले.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. पैसे घेऊन गायब होणारे चोर वेगळे. याने वस्तू पाठवली, म्हणूनच संशय यायला दोन महिने लागले. पेटी छान, आतून स्पंज, ठोकळा चकचकीत, आकडे कोरलेले. प्रमाणपत्रावर मान्यतेचं चिन्ह, होलोग्राम, सही, शिक्का. मी ते फाइलला लावलं. ऑडिट पार पडलं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या लॅबमध्ये मदत करणारा मुलगा कार्ड उजेडाकडे धरून म्हणाला होता, "वैनी, ह्यो पट्टा एका अंगाला जाड दिसतोय बगा." मी त्याला म्हटलं, तुझा हात एका बाजूला दाबतोय, सारखा ओढ. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा तसंच. मी प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला आणि त्याच्या डोळ्यावर ठेवला नाही. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

त्याच दिवसांत ग्रे प्रायमरच्या फॉर्म्युलात टायटॅनियम डायऑक्साइड थोडं कमी करून चालेल का, ते आम्ही बघत होतो. खालचा रंग झाकणारी ती पांढरी पूड, आणि तीच सगळ्यात महाग पडते. नव्या ॲप्लिकेटरच्या १५० च्या बाजूने कार्ड ओढली. कमी टायटॅनियममध्येही काळा भाग पूर्ण झाकला जात होता. तीन वेळा ओढली, तिन्ही वेळा तेच. मी फॉर्म्युला मंजूर केला. ४५ बादल्यांची बॅच निघाली, २० लिटरची एकेक.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फाउंड्रीतून फोन. ग्रे प्रायमर मारलेल्या कास्टिंगमधून काळं दिसतंय. आमचा पहिला अंदाज, त्यांच्या माणसाने थिनर जास्त घातला असणार. दीर तिकडे गेले, डीएफटी मीटर (सुकलेल्या थराची जाडी मोजणारा) लावला, तर सुकलेला थर ३५ ते ३८ मायक्रॉन. सांगितलेला तेवढाच. जाडी बरोबर, तरी झाकत नाही. म्हणजे दोष आमच्या मालात.

मी मंजूर केलेली कार्ड काढली. त्यांच्यावर तर व्यवस्थित झाकलेलं. मग जुना ॲप्लिकेटर कपाटातून काढून त्याच बॅचचा पट्टा शेजारी ओढला. काळा भाग स्पष्ट खालून दिसत होता. तोच रंग, तेच कार्ड, दोन्ही ठोकळ्यांवर १५० कोरलेलं.

इथे थोडा हिशेब सांगते, कारण फसवणूक नेमकी कुठे लपली होती ते यातच आहे. फट १५० ची असली तरी ओली फिल्म १५० ची पडत नाही. ठोकळा ओढताना सगळा रंग तसाच मागे राहत नाही. रंगाच्या घट्टपणावर आणि ओढण्याच्या वेगावर ती साधारण फटीच्या निम्मी ते पाऊण भरते. आमच्या प्रायमरला जुन्या ठोकळ्याने ८५ च्या आसपास मिळते. त्यात घन भाग आकारमानाने ४२ टक्के, म्हणजे सुकल्यावर ३६ मायक्रॉन. ग्राहक मारतो तितकीच जाडी, म्हणून तर आम्ही १५० ची बाजू वापरतो. कागदी कार्डावर मात्र सुकलेली जाडी मोजता येत नाही, कारण आमचा डीएफटी मीटर चुंबकीय, त्याला खाली लोखंड लागतं. पत्र्याच्या पॅनेलवर आम्ही स्प्रे करतो, तिथे ॲप्लिकेटर लागतच नाही. त्यामुळे चुकीची फट आणि मीटर यांची आमच्याकडे कधी गाठच पडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा नव्या ठोकळ्याने पत्र्यावर फिल्म ओढली, सुकवली आणि मीटर लावला. एका कडेला ४७, दुसऱ्या कडेला ५६. ३६ च्या जागी जवळजवळ दीडपट थर बघून मी टायटॅनियम कमी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठोकळा घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका टूलरूममध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींनी तो सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, ठेवला आणि खिशातून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातींचा जुडगा, काढला. १५० मायक्रॉन म्हणजे ०.१५ मिलिमीटर, म्हणून त्या बाजूला ०.१५ ची पात जेमतेम जायला हवी आणि त्याहून जाड पात अडायला हवी. एका टोकाला ०.२० ची पात सहज गेली. दुसऱ्या टोकाला ०.२३ ची. बाकीच्या तीन बाजूही कमीजास्त तशाच. त्यांनी कडेवर नख फिरवलं आणि म्हणाले, "वैनी, हे ग्राइंड केल्यालं न्हाई. कानस मारून वर क्रोम चढवल्यालं हाय." पावसाळ्यात पाण्यात मिसळणाऱ्या रंगासाठी वापरून धुतल्यावर कोपऱ्यावर तांबूस ठिपके आले होते, त्याचाही उलगडा तिथेच झाला: क्रोमखालचं लोखंड गंजत होतं. कुणी तुम्हाला सांगेल की चुंबक लावून बघा, चिकटला तर नकली. त्यावर जाऊ नका. कडक केलेलं चांगलं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटतं. माप घेणं हीच खात्री.

मी विक्रेत्याला फोन केला. त्याने उचलला. आधी म्हणाला, तुमचा माणूस नीट ओढत नसेल. फीलर गेजचे आकडे सांगितल्यावर म्हणाला, "ताई, हा बर्ड टाइप आहे, यात फट जास्तच ठेवतात." हे उत्तर ऐकून कुणीही गप्प बसेल, कारण त्यात निम्मं खरं आहे. काही ॲप्लिकेटरवर फटीचा आकडा कोरतात आणि काहींवर अपेक्षित ओल्या फिल्मचा. बर्ड प्रकारात फट कोरलेल्या आकड्याच्या दुप्पट असते. पण मग १५० ला ती ३०० हवी. २०० आणि २३० हे दोन्हीत बसत नाही. आणि एका टोकापेक्षा दुसरं टोक ३० मायक्रॉनने उघडं, हे कुठल्याच प्रकारात चालत नाही. मी हे म्हटलं तसा फोन कट झाला. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

मग प्रमाणपत्र काढून पहिल्यांदा नीट वाचलं. प्रत्येक बाजूपुढे फक्त "ठीक" असं लिहिलेलं. मोजून आलेला एकही आकडा नाही, मोजमापातली अनिश्चितता नाही, कोणत्या मास्टर उपकरणाने मोजलं ते नाही, खोलीचं तापमान नाही. खऱ्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात हे सगळं असतं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या वेबसाइटवर मान्यता क्रमांक टाकला, तर तो दुसऱ्याच राज्यातल्या एका लॅबचा निघाला. त्या लॅबच्या मान्यतेत वजनं आणि तराजू होते, लांबी-जाडीचं एकही माप नव्हतं. त्यांना मेल केला. हे प्रमाणपत्र आमचं नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं. ही तपासणी दहा मिनिटांची होती. ऑडिटरनेही केली नाही, मीही केली नाही.

बिलाचंही तसंच. जुलैच्या मध्यात सीएंच्या ऑफिसातून फोन आला होता की हे बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसत नाही. अडीच हजारांच्या टॅक्स क्रेडिटचा प्रश्न, पुढच्या महिन्यात येईल, असं म्हणून मी सोडून दिलं. आता जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नंबर खरा, चालू स्थितीतला, पण नाव वेगळं आणि धंदा कापडाचा. बिचाऱ्या त्या व्यापाऱ्याचा नंबर कुणी वापरतंय हे त्यालाही माहीत नसेल. पैसे भरायच्या आधी तो नंबर टाकून पाहिला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. १९३० चा उपयोग पैसे गेल्यावर लगेच, तासाभरात कळवलं तर होतो. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात. आम्ही दोन महिन्यांनी गेलो. ग्राहक आयोगाबद्दल वकिलांना विचारलं. २०१९ च्या कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सवलत आहे. आमच्याकडे कामगार आहेत, भागीदारी संस्था आहे, त्यामुळे बाजू कमजोर, असं त्यांचं मत पडलं. घरी बसून एकट्याने काम करणाऱ्यांनी मात्र ही वाट जरूर विचारून बघावी.

परत आलेल्या ३१ बादल्यांत टायटॅनियमची पेस्ट घालून माल पुन्हा उभा केला. फाउंड्रीत मारून झालेल्या कास्टिंगना दुसरा हात आमच्या खर्चाने दिला. मजुरी, वाहतूक, माल धरून सव्वा लाखाच्या आसपास गेले. सासरे एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या ग्राहकाकडे स्वतः गेले आणि दोन्ही ॲप्लिकेटरची कार्ड त्याच्यापुढे ठेवून काय झालं ते सांगितलं. त्याने ऑर्डर चालू ठेवली.

जुना ॲप्लिकेटर आम्ही रीतसर कॅलिब्रेशनला पाठवला. बारा वर्षांनंतर १५० ची बाजू १५३ आली. आता लॅबमध्ये काचेशेजारी ०.०५ पासूनच्या पातींचा फीलर गेज टांगलेला असतो. दर सोमवारी तो मदतनीस मुलगा चारही बाजू, दोन्ही टोकं आणि मध्य तपासून वहीत आकडे लिहितो, आणि महिन्यातून एकदा पत्र्यावर फिल्म ओढून डीएफटी घेतो. पातीला ०.०१ मिलिमीटरहून बारीक चूक कळत नाही. पण आमच्यासारखी फसवणूक पकडायला ती पुरेशी आहे आणि उद्यमनगरातल्या कुठल्याही दुकानात मिळते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात कुणी इतक्यात असा स्वस्तात ॲप्लिकेटर घेतला असेल तर आमच्याकडे घेऊन या, काचेवर ठेवून पात घालून बघू. येताना प्रमाणपत्र आणि बिल दोन्ही आणा. पोलिसांनी सांगितलंय की आणखी तक्रारी जोडल्या गेल्या तर त्या खात्याचा माग काढणं सोपं जाईल.