तालुक्याच्या गावातली औद्योगिक सुरक्षा पदविका: प्रवेश घेण्याआधी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, विद्यापीठ-संलग्न महाविद्यालयात चालणाऱ्या एक वर्षाच्या पदविकेबद्दल हे लिहितोय. आजूबाजूला जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने), डाळ मिल, सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट (हेक्झेन या पेट घेणाऱ्या द्रावकाने तेल काढणारे). थोडं लांब गेलं की कोळसा खाणी, सिमेंट आणि औष्णिक वीज केंद्रं. सुरक्षा शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. या जागेचा फायदा अभ्यासक्रम निम्माच घेतो, हीच मुख्य तक्रार.

कायद्याचा पेपर मात्र उत्तम. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण का घातलं गेलं, हे पाठांतर न करता समजावून देतात. त्याच जुन्या अधिनियमाचं कलम 27 इथल्या पोरांना एका झटक्यात कळतं: प्रेसिंगच्या ज्या भागात कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं मशीन) चालतो तिथे बायका-मुलांना कामाला ठेवायची मनाई होती, पण मशीनची भरणी आणि निकास यांच्या मधे छतापर्यंत भिंत असेल तर भरणीच्या बाजूला परवानगी होती. उणीव एकच. नोट्समध्ये सुरक्षा अधिकाऱ्यासाठी अजून 1000 कामगारांचाच आकडा आहे. कारखाना अधिनियमाच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो 500 आहे आणि धोकादायक प्रक्रियेला 250. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, तरी वर्गात जुनंच चालू.

यातून निघणारी गोष्ट प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. पन्नास-साठ कामगारांच्या जिनिंगला सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती ना जुन्या आकड्याने होती, ना नव्याने आहे. गावातच नोकरी लागेल या आशेवर फी भरू नका. जागा निघतात त्या वीज, सिमेंट, खाण आणि स्फोटकांच्या कारखान्यांत.

प्रॅक्टिकलमध्ये दोन गोष्टी मनापासून करून घेतात. पहिली लॉकआउट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप लावणं. सगळ्यांना कळवा, मशीन बंद करा, एमसीसीत (मोटर कंट्रोल सेंटर, मशीनच्या विजेचं मुख्य पॅनेल) आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडा, प्रत्येकाने आपलं कुलूप आणि टॅग लावा, साठलेली ऊर्जा काढा आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून बघा. हे शेवटचं बटणच लोक विसरतात, आणि नेमका भलताच फीडर (दुसऱ्याच मशीनची वीजवाहिनी) पाडलेला असतो. मशीनजवळचं स्टॉप बटण दाबणं म्हणजे आयसोलेशन नव्हे, हे इथे ओरडून सांगतात ते बरंच आहे. जिनमध्ये सरकी अडकली की हात घालायची सवय असते आणि वीज गेल्यावरही रोलर जोरात फिरत राहतो. प्रेसचं तर आणखी वेगळं: पंप बंद झाला तरी सिलिंडरमध्ये तेलाचा दाब राहतो, म्हणून रॅमखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी वाकायचं नाही.

दुसरी गोष्ट बंदिस्त जागेत (टाकी, खड्डा) उतरण्याची, म्हणजे आधी आतली हवा मीटरने तपासण्याची. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी, हा क्रम पक्का करून घेतात. कारण साधं आहे: ज्वलनशील वायूचा सेन्सर तो वायू जाळून मोजतो, ऑक्सिजन कमी असला की आकडा खोटा, कमी येतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाय नाही. वर, मधे आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, ती खड्ड्यात जाऊन बसते.

इथवर छान. पण गॅस मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला (मिथेनच्या मापाने जुळवलेला) आणि आसपासच्या प्लांटमध्ये वायू हेक्झेन! असा मीटर हेक्झेनला खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास. उत्पादकाने दिलेल्या गुणकाने गुणल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये. हे शिकवलंच जात नाही. मीटरवर 10 दिसलं म्हणजे हवेत 10 टक्के हेक्झेन, असंही बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. पेट घेण्याची खालची मर्यादा सुमारे 1.1 टक्के, 10 म्हणजे तिचा दहावा हिस्सा, साधारण 1100 पीपीएम.

हॅझॉप, म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकतं हे ठरावीक शब्द लावून शोधायची पद्धत, हा सगळ्यात कच्चा भाग. रिफायनरीचा आराखडा फळ्यावर काढायचा, 'नाही, जास्त, कमी, उलट' हे शब्द लावायचे, परीक्षेला तेच उतरवायचं. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातला स्फोट, 1974, मृत 28, हे सगळ्यांना पाठ. पण तिथली तात्पुरती बायपास पाइप नीट डिझाइन न करताच बसवली होती आणि बदल-व्यवस्थापन (कारखान्यात कुठलाही बदल आधी तपासूनच करणं) म्हणजे नेमकं तेच टाळणं, हा धागा कुणी जोडत नाही. त्यापेक्षा जवळच्या सॉल्व्हंट प्लांटचा डीटी घ्या, म्हणजे पेंडीतलं हेक्झेन वाफेने उडवणारं यंत्र. 'वाफ कमी' लावा: डीओसीत (तेल काढलेल्या पेंडीत) हेक्झेन शिल्लक राहतं, कन्व्हेअरमधून गोदामात जातं, तिथे एक ठिणगी पुरे. 'थंड पाणी नाही' लावा: लाइट गेली, कूलिंग पंप थांबला, बॉयलरची वाफ मात्र येतेच आहे, कंडेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारं यंत्र) हेक्झेन धरत नाही आणि ते व्हेंटमधून बाहेर पडतं. म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह वीज किंवा हवा गेली की आपोआप बंद होणारा हवा. मे महिन्यात पारा 45 वर गेला की वीज असूनही हाच त्रास हळूहळू होतो, कूलिंग टॉवरचं पाणीच तापलेलं असतं. विदर्भातल्या पोराला हे शिकवायला रिफायनरी कशाला लागते?

आणि कारखाना भेट ठेवतात मे महिन्यात. तेव्हा जिनिंग कधीचं बंद झालेलं, रोलर उघडे, प्रेसवर ताडपत्री. बघायचं काय, भिंती? धुमसणारी कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आत पेटतीच असते, म्हणून ती गोदामात न नेता उघड्यावर वेगळी का ठेवतात, हे कापूस चालू असतानाच दिसणार.

प्रवेश घेण्याआधी कार्यालयात तीन गोष्टी विचारा. सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणुकीसाठी ही पदविका राज्य शासनमान्य आहे का, आणि त्याचा कागद दाखवा म्हणा. आखाताकडे चालणारं नेबॉशचं (सुरक्षेची परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) प्रमाणपत्र त्या जागी चालत नाही. गॅस मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं? आणि भेट डिसेंबरात ठेवता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर कपाट उघडून चिकटवलेला स्टिकर दाखवला तर प्रवेश घ्यायला हरकत नाही. नुसतं "होतं की दरवर्षी" म्हणाले, तर नागपूरकडे चौकशी केलेली बरी.