अयाम सेमानी सांगून कडकनाथ गळ्यात मारला, २८,३०० रुपये गेले

सेमानी, म्हणजे तोंडाच्या आतपर्यंत काळी असणारी इंडोनेशियाची कोंबडी, घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. चार पिल्लं, ६,००० ला एक, म्हणजे २४,०००, वर ट्रान्सपोर्टचे २,५०० आणि कसल्यातरी हेल्थ सर्टिफिकेटचे १,८००. पैसे कसे काढतात ते सगळ्यांना माहितीय, आधी ॲडव्हान्स, मग गाडी निघाली, मग कागद अडकलाय.

पिल्लं वाढली तसा नराच्या मानेवर चंदेरी पिसारा फुटला, तुरा जांभळट, जीभ राखाडी. सरळसरळ कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा पक्षी, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्याच्याबद्दल तक्रारच नाही, पण भाव लावला जावाच्या सेमानीचा!

सगळ्यात चीड येते ती पैसे देण्याआधीच्या त्या व्हिडिओ कॉलची. मी म्हटलं आई-बापाची चोच उघडून दाखवा. विक्रेत्याने कोंबडा काखेत धरला, अंगठ्याने चोच उघडली, आत गुलाबी झाक दिसली न दिसली तोच मोबाईल खाली. "दादा, लाईटमुळे तसं वाटतंय." तिथेच फोन ठेवायला हवा होता. वर म्हणे याचं रक्तपण काळं आणि अंडीपण काळी. अरे, सेमानीचं रक्त लालच असतं, अंडं फिकट क्रीम कलरचं! पण लहान पिल्लू बघून सेमानी की कडकनाथ हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, काळेपणाचा जीन दोघांत एकच, आणि शिक्का मारलेले इम्पोर्टचे कागद समोर असल्यावर माणूस किती संशय घेणार?

पोलीस स्टेशनला गेलो तर "कोंबड्या मिळाल्या ना तुम्हाला?" म्हणून हसले आणि सायबरला पाठवलं, सायबरवाले म्हणतात माल पोचलाय, सिव्हिल मॅटर आहे, १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली तर नुसता नंबर हातात. पशुसंवर्धनवाले म्हणतात जातीचा दाखला आम्ही देत नाही. मग देतं कोण? ग्राहक आयोगात जायचं तर विक्रेत्याचा पत्ता लागतो, तो शोधून द्यायचं काम कुणाचंच नाही. फसलेल्या माणसाने नुसते हेलपाटेच घालायचे का?

मोठे पक्षी स्वतः जाऊन बघा, जीभ आणि टाळू बोटाने उघडून. इम्पोर्टेड म्हणाला तर सॅनिटरी इम्पोर्ट परमिट (बाहेरून पक्षी आणायचा सरकारी परवाना) मागा, माझ्या कागदांवर परमिट नंबरच नव्हता. पिल्लं हातात आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

तो विक्रेता फोन नंबर बदलून अजून विकतोय, आता सिल्की जातीच्या कोंबड्या. सिल्कीच्या पायाची बोटं मोजा, एका पायाला पाच हवीत, चार दिसली तर तिथूनच परत फिरा.