औषधशास्त्राचा कार्डसंच: विषाणूरोधके उत्तम, वेदनाशामके अर्धवट
एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या उजळणीच्या या कार्डसंचातील विषाणूरोधकांचा भाग मनापासून आवडला. असायक्लोव्हिर या हर्पीसवरच्या औषधाला पहिला फॉस्फेट जोडण्याचे काम हर्पीस विषाणूचे स्वतःचे थायमिडीन कायनेज हे विकर (एन्झाइम) करते, पुढचे दोन फॉस्फेट पेशीतील विकरे जोडतात आणि म्हणूनच हे औषध मुख्यतः बाधित पेशींतच सक्रिय होते, ही साखळी एकाच आकृतीत इतकी स्वच्छ उलगडली आहे की तोंडी परीक्षेत ती डोळ्यांसमोर उभी राहते. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू करावे, हेही नेमके दिले आहे.

वेदनाशामकांत मात्र घाई जाणवते. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या वेदना व दाहाशी संबंधित विकराला कायमचे निकामी करते, तर आयबुप्रोफेन तात्पुरते रोखते, हा फरक दिला आहे. पण पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताला होणारी इजा आणि तिच्यावरचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन, ज्यावर आमचे परीक्षक हमखास बोट ठेवतात, यांचा उल्लेखच नाही. ट्रामाडॉल या वेदनाशामकाला निव्वळ ओपिऑइड (अफूवर्गीय औषध) म्हणून सोडून दिले असून सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन या चेतासंदेशवाहकांचे पुनर्ग्रहण (चेतापेशींनी ते परत शोषून घेणे) रोखण्याचा त्याचा गुण गाळला आहे. शाईही हाताला लागते. विषाणूरोधकांची कार्डे सुटी मिळत असतील, तर तेवढीच घ्यावीत.