हडपसरच्या पुढची नर्सरी: सोनचाफा पास, माती नापास

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तिचा गच्चीतला सोनचाफा मागच्या उन्हाळ्यात वाळला, आमच्याच हलगर्जीपणाने. म्हणून सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून नवा आणला. कलमी, 350 रुपये. तिथल्या मामांनी कलमाचा जोड दाखवला, "याच्या खालून फूट आली की लगेच खुडा" हेही बजावलं. तिसऱ्या महिन्यात पहिलं फूल. झाडाला पैकीच्या पैकी.

माती मात्र घेऊ नका. 'तयार मिश्रण' म्हणून दिलेल्या पोत्यात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून कोरडं, आत चिखल. आईने पोतं तिथल्या तिथे परत केलं असतं. ती आधी शेणखत मुठीत घेऊन वास घ्यायची, मग भाव विचारायची. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातही स्टॉलवाल्याला कुंडी उचलून तळाचं भोक दाखवायला लावायची. मी लाजून लांब उभा. घरी तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, आणि मोगऱ्याची छाटणी संक्रांत झाल्यावरच, तीही स्वयंपाकघरातल्या कात्रीने. दुधाच्या पिशव्या कापायची तीच.

रविवारी सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. यूपीआय चालतं.